रोसेंदो पाणाड्याचे बोअर

एल मोराल गावात कुणी नवी जमीन घेतली की तो नोटरीच्या आधी रोसेंदो मारावेरकडे जायचा. जमीन कुणाची हे नोटरी सांगतो, ती कशाची हे रोसेंदो सांगायचा. तो यायचा, हातात डाळिंबाची दुबेळकी काठी धरून शेतात दोन चकरा मारायचा, मध्येच वाकून चिमूटभर वाळू जिभेवर ठेवायचा, थुंकायचा आणि एका जागी टाच रोवून म्हणायचा, “इथे. बावीस मीटर.” बावीसला नाही तर तेविसाव्या मीटरला पाणी लागायचंच.

काठी निव्वळ देखावा होता. हे त्याच्या बायकोला ठाऊक होतं आणि बहिणीला. “लोकांना काठी लागते,” तो म्हणायचा. “मला लव्हाळे सांगतात, मुंग्यांची वारुळं सांगतात. सकाळचं धुकं कुठे आधी बसतं आणि कुठून शेवटी उठतं, ते सांगतं. पण असं म्हटलं तर कोण विश्वास ठेवील?”

ही विद्या बापाची. बाप दलदलीतला माणूस. बोरूच्या झोपडीत राहायचा, वाम मासे धरायचा, वसंतात पाणपक्ष्यांची अंडी गोळा करायचा, उन्हाळ्यात कोळसा पाडायचा. त्या घरात भाकरीपेक्षा बदक जास्त शिजे. रोसेंदो आणि त्याची सहा वर्षांनी थोरली बहीण सेलेदोनिया ही दोघं बदकाचा वास आला की तोंड फिरवून रडत. त्यांची आई दलदलीच्या तापानं गेली. मग पोरक्या भावाचं नाक पुसणं, जेवण, मार, सगळं सेलेदोनियाकडे आलं. तो तिला ताता म्हणायचा. सत्तरी उलटल्यावरही ताताच म्हणतो.

पुढे त्या मुलखाला कुंपण पडलं. पक्ष्यांसाठी राखीव झालं. झोपडीवाले बाहेर आले, गावात राहू लागले. बापानं मात्र कुंपणाच्या अगदी काठाला, ला गार्सा नावाच्या तळ्याजवळ दोन खोल्यांचं घर बांधलं. तो गेल्यावर सेलेदोनिया तिथेच राहिली. लग्न केलं नाही. वाम, मध आणि चिलगोजे विकून तिचं भागायचं. आजूबाजूची दलदल दर उन्हाळ्यात कोरडी पडते, तिच्या अंगाला भेगा पडतात, त्यात नवल नाही. ला गार्साचं तसं नव्हतं. त्याला खालून पाणी यायचं. ऑगस्टच्या वणव्यातही तिथे कमरेएवढं पाणी असायचं आणि दहा कोसांतली सगळी पाखरं तिथे गोळा व्हायची. जांभळ्या पाणकोंबड्या, रोहित, चमच्याच्या चोचीचे पांढरे बगळे. सेलेदोनिया म्हणायची, “माझ्या दारात उन्हाळाभर लग्नघर असतं. झोप म्हणून नाही.”

रोसेंदो तेहेतीस वर्षांचा असताना गावात स्ट्रॉबेरी आली. तोवर एल मोरालचे पुरुष जर्मनीत गाड्या जोडत आणि बार्सेलोनात विटा उचलत. नाताळला यायचे, पोरं ओळखायची नाहीत. आणि अचानक कळलं, की ज्या वाळूत गवतही धड उगवत नव्हतं तिच्यात, वर प्लास्टिक आणि खालून ठिबक दिलं की फेब्रुवारीत लालभडक फळ येतं आणि सारा युरोप ते मागतो. पाहिजे होतं फक्त पाणी. पाणी वाळूखाली होतंच, आणि ते कुठे आहे हे सांगणारा माणूस गावातलाच होता.

रोसेंदोनं जुनी बोअरची गाडी घेतली. पहिला बोअर अठरा मीटरचा होता. पाणी वर उसळलं तेव्हा शेतमालकाच्या आईनं रोसेंदोचा हात धरून त्याचं चुंबन घेतलं, पाद्र्याच्या हाताचं घ्यावं तसं. तो लाजून लाल झाला. पण खोटं कशाला सांगा, त्याला आवडलं. बदक खाऊन वाढलेल्या पोराला गाव ‘दोन रोसेंदो’, म्हणजे रोसेंदोसाहेब, म्हणू लागलं. पुरुष जर्मनीहून परत आले. पोरींना शिक्षण मिळालं. घरांना दुसरे मजले चढले. त्या प्रत्येक घरात त्याला पहिली खुर्ची होती.

पहिल्या दोन-तीन वर्षांत तो विचारायचा, “परवाना आहे ना?” मालक म्हणायचा, “अर्ज टाकलाय, कागद मागाहून येईल.” कागद मागाहून कधीच यायचा नाही. मग त्यानं विचारणं सोडलं. पस्तीस वर्षांत त्यानं चारशेच्या वर बोअर मारले. काही शेतघरात, काही ट्रॅक्टरच्या छपराखाली, एक तर कोंबड्यांच्या खुराड्यात. कुठेही नोंद नव्हती. सगळे त्याच्या डोक्यात होते.

सेलेदोनिया महिन्यातून एकदा वाम मासे घेऊन गावात यायची, भावाकडे जेवायची. एकदा जेवताना ती म्हणाली, “तळं यंदा माझ्या दारापासून चाळीस पावलं लांब गेलंय.”

“पाऊस कुठे झालाय, ताता?”

“पाऊस झाला नाही, तर तुझ्या बोअरला पाणी कुठून येतं रे?”

रोसेंदो हसला. “ते खोल असतं. त्याचा आणि तळ्याचा काय संबंध?”

“बापानं तुला एवढं शिकवलं,” ती म्हणाली, “आणि संबंध मी सांगू?” तिनं ताटातला रस्सा पावानं पुसून खाल्ला आणि निघून गेली.

त्यानंतरच्या वर्षी फेर्मिन कार्मोना नावाच्या बागायतदारानं तळ्यापासून हाकेच्या अंतरावर जमीन घेतली. फेर्मिन रोसेंदोच्या बरोबरीचा, दोघं एकाच वर्षी सैन्यात भरती झालेले. त्याच्यासाठी रोसेंदोनं नव्वद मीटरचा बोअर मारला. तेव्हापासून सेलेदोनियाचे वाम मासे येणं बंद झालं. बहीण रुसली असं त्यानं धरून चाललं. म्हातारपणी माणसं रुसतातच, म्हणून सोडून दिलं. तिच्या जाळ्यात वामच येत नव्हते, हे त्याला पुढे पाच वर्षांनी कळलं.

दोन हजार बावीसच्या ऑगस्टमध्ये एका सकाळी तिचा फोन आला. ती फोन करणारी बाई नव्हती.

“रोसेंदो, क्रेट घेऊन ये. स्ट्रॉबेरीचे. आरासेलीकडे असतील तेवढे सगळे.”

“कशाला?”

“कासवं मरतायत.”

आरासेली ही रोसेंदोची एकुलती एक मुलगी. चव्वेचाळीस वर्षांची, तिची स्वतःची स्ट्रॉबेरीची बाग होती. तिच्या गोदामातून साठ क्रेट गाडीत टाकून तो ला गार्सावर गेला. गाडीतून उतरला आणि क्षणभर त्याला वाटलं, आपण वाट चुकलो. समोर पाणी नव्हतं. फुटलेल्या घड्याच्या खापरांसारखी वाळलेली माती दूरवर पसरली होती आणि पार मधोमध एक काळं, खाटेएवढं डबकं. त्या डबक्यात कासवं एकमेकांवर चढत होती. काठावर जांभळ्या पाणकोंबडीची दोन पिल्लं चिखलात पाय रुतून तशीच वाळली होती. वर घारी फिरत होत्या, त्यांना घाई नव्हती.

राखीव मुलखाचे चार रक्षक आधीच कामाला लागले होते. एकोणऐंशी वर्षांची सेलेदोनिया गुडघ्यापर्यंत चिखलात उभी होती, स्कर्ट कमरेला खोचलेला. ती कासव उचलायची, ओल्या फडक्यानं डोळे पुसायची आणि क्रेटमध्ये ठेवायची. रोसेंदोनंही पँट वर केली. दोन दिवस ते काम चाललं. रक्षक ती कासवं दूरच्या एका पाणवठ्यावर नेऊन सोडत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चिखलातून चालत तळ्याच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात गेला. तिथे तळ्याचा डोळा होता. लहानपणी बापानं त्याला पाण्यात उतरवून त्या जागी उभं केलं होतं. पायाखालून बर्फासारखं थंड पाणी उकळल्यासारखं वर येत होतं, वाळूचे कण पोटऱ्यांना गुदगुल्या करत होते. आता तिथे उंदराच्या बिळासारखं भोक होतं. रोसेंदो पोटावर आडवा झाला आणि त्यानं भोकात हात घातला. कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत.

सेलेदोनिया मागे येऊन उभी राहिली. “काय लागलं?”

“वाळू.”

“ओली?”

त्यानं मूठ बाहेर काढून उघडली. “कोरडी,” म्हणाला.

पाऊस कमी झाला तर तळं वरून आटतं. खालचा डोळा इतका कोरडा पडत नाही. हे त्या सगळ्या मुलखात कुणाला कळत असेल तर त्यालाच. शहरातून कुणी शिकलेल्यानं येऊन सांगितलं असतं तर त्यानं वाद घातला असता. पण इथे सांगणारा त्याचाच हात होता, आणि त्या हातानं चाळीस वर्षांत एकदाही चुकीची खूण दिली नव्हती.

सेलेदोनियानं त्याला घरी नेलं, थंडगार टोमॅटोचं सार वाटीभर दिलं. तेव्हा तो म्हणाला, “ताता, शिव्या तरी दे.”

“आधी पी,” ती म्हणाली. “शिव्या कुठे पळून जातायत?”

गावी परतल्यावर तीन दिवस तो दारूच्या गुत्त्यावरही गेला नाही. तळ्याभोवती दीड कोसाच्या आत आपले किती बोअर आहेत, ते आठवत बसला. एक्केचाळीस भरले. प्रत्येकाची जागा, खोली, कुठल्या मीटरला तांबडी वाळू लागली आणि कुठल्या मीटरला पांढरी, सगळं आठवलं. त्यातला एक आरासेलीचा होता. तिच्या लग्नात त्यानं तो तिला आंदण म्हणून मारून दिला होता.

तो सरळ तिच्याकडे गेला. ती मजूर बायकांना नव्या रोपांच्या ओळी दाखवत होती.

“पोरी, तुझा तो विनापरवान्याचा बोअर बुजवायचाय.”

“कुणी सांगितलं? तपासणीला आलेत का कुणी?”

“कुणी नाही. मीच सांगतोय.”

आरासेलीनं हातमोजे काढले. “बाबा, ऊन लागलंय का तुम्हाला? त्या बोअरवर माझी अर्धी बाग आहे. तळं भरलं की पोरांना काय, बदकं खाऊ घालू?”

“मी लहानपणी खाल्लीयत. अगदीच वाईट नसतात.”

ती हसली नाही. नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी तो परत गेला, तिसऱ्या दिवशीही. ती त्याला बघून न बघितल्यासारखं करायची. चौथ्या दिवशी त्यानं सोबत टेप आणली होती, टोकाला शिसं बांधलेली. बोअरचं झाकण काढलं आणि टेप खाली सोडत गेला. आरासेली लांबून बघत होती, शेवटी जवळ आलीच. खोलवरून ‘टप्प’ असा बारीक आवाज आला.

“तुझ्या लग्नात इथे पाणी सहा मीटरवर होतं,” तो म्हणाला.

“आणि आता?”

“तूच वाच.”

तिनं टेप वाचली. एकवीस.

“असंच चाललं तर तुझी पोरं तुझ्या वयाची होतील तेव्हा बोअर बुजवा म्हणून कुणाला यावं लागणार नाही. आपोआपच बंद होईल. तळ्याचं सोड, पोरी. तुझ्या पोरांसाठी तरी.”

आरासेलीनं टेप गुंडाळून त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, “निम्म्या जागेवर आजोबांच्या वेळची द्राक्षं लावीन. पावसावर येतात ती. पण एक सांगते बाबा, बाकी कुणी बुजवले नाहीत तर सगळ्या गावात मी एकटी मूर्ख ठरेन.”

“एकटी कशी? मी आहे की.”

सगळं रीतसर व्हावं म्हणून रोसेंदो जिल्ह्याच्या गावी पाण्याच्या कचेरीत गेला. तिथल्या कारकुनानं संगणकात बघितलं, मान हलवली. “आजोबा, हा बोअर आमच्या नोंदीत नाही.”

“म्हणूनच तर बुजवायचाय.”

“पण जो नाहीच, तो बुजवायची परवानगी कशी देऊ? आधी त्याची नोंद करा.”

“नोंद केली तर?”

“तर तो बेकायदा ठरेल. दंड होईल.”

रोसेंदोनं टोपी डोक्यावर ठेवली. “म्हणजे तो नाहीच म्हणता. मग मी काय करतोय हे तुम्हाला दिसणारही नाही.” कारकून पोरगा भला होता. तो म्हणाला, “मला तर आत्तासुद्धा दिसत नाहीये.”

बोअर मारायला एक दिवस लागतो, नीट बुजवायला दोन. आधी मोटर वर काढायची, पाईप काढायचे. मग तळाला खडी, वर चिकणमातीचे गोळे, पाण्यात फुगून घट्ट बसणारे, आणि शेवटी सिमेंट. नुसता दगड-धोंडा टाकला तर वरची घाण खालच्या पाण्यात जाते. आरासेलीचा बोअर त्यानं असा बुजवला. शेवटची सिमेंटची पाटी त्यानं उचलली. मुलगी म्हणाली, “द्या, मी ओतते.” त्यानं दिली नाही.

मग तो दारोदार फिरू लागला. पहिली होकार देणारी इलारियाबाई, शहाऐंशी वर्षांची विधवा. तिचा बोअर खुराड्याखाली होता.

“बुजव बाबा,” ती म्हणाली. “नवरा गेला, बोअर मागे राहिला. नवराच बरा होता, पाण्याला शिवायचासुद्धा नाही.”

“शेत कसायला दिलंयस ना? कसणाऱ्याला काय सांगशील?”

“सांगीन, कोंबड्यांनी मोटर खाल्ली.”

सगळ्या इलारिया नव्हत्या. कुणी दार उघडलं नाही. कुणी उघडून कुत्रा सोडला. गावात बोलवा उठली, की पाणाड्या फितूर झाला, सगळ्यांची नावं वर कळवणार. रविवारी तो गुत्त्यात शिरला तसा फेर्मिन कार्मोना उठून उभा राहिला.

“या, दोन रोसेंदो! चाळीस वर्षं आमच्या जिवावर मजा मारलीत. आता म्हातारपणी पापं धुवायला निघालात, तीही आमच्या पाण्यानं?”

लोक हसले. रोसेंदोनं खुर्ची ओढली, पण फेर्मिननं तिच्यावर पाय ठेवला.

“मी कुणाचं नाव कुठे घेणार नाही,” रोसेंदो उभ्यानंच म्हणाला. “आईशपथ. जो बुजव म्हणेल त्याचाच बुजवीन. आणि त्याचा एक सेंट घेणार नाही.”

“आणि आम्ही खायचं काय?”

“तेच, जे खातोयस. थोडं कमी.”

“मग तू सगळं खाऊन झाल्यावर हे सांगतोयस!”

फेर्मिनचं खरंच होतं. रोसेंदो बाहेर पडला. दोन दिवसांनी त्याच्या गाडीची चारही चाकं सुऱ्यानं फाडलेली सापडली. कुणी केलं त्यानं विचारलं नाही. नवी चाकं यायला आठवडा लागला, तोवर तो पायी फिरला.

हे सगळं ऐकून राखीव मुलखाचा एक अधिकारी त्याच्या घरी आला. चांगला, अदबीनं बोलणारा माणूस. म्हणाला, तुम्ही फक्त जागा सांगा. तुम्हाला दंड होणार नाही. महिनाभरात सगळे बंद करतो. उलट तुमचा सत्कार करू. रोसेंदोनं त्याला कॉफी दिली आणि परत पाठवलं.

सेलेदोनियाला हे कळलं तेव्हा मात्र तिनं राखून ठेवलेल्या सगळ्या शिव्या एकदम काढल्या.

“महिनाभरात! आणि तू एकेकाच्या पाया पडत वर्षं घालवणार?”

“ताता, ते बोअर मी मारलेत. त्यांनी काठी धरली नव्हती, मी धरली होती. त्यांना दंड आणि मला सत्कार? मग कुठल्या तोंडानं राहू गावात?”

“तळ्याला तुझं तोंड कळत नाही, रोसेंदो. त्याला पाणी कळतं.”

“मला दोन्ही कळायला हवं ना.”

“तुला दोन्ही कळतं तोवर माझी पाखरं मरतील,” ती म्हणाली आणि आत गेली. या एका गोष्टीवर बहीणभावाचं आजतागायत पटलेलं नाही. कुणाचं बरोबर हे गावातही कुणी ठामपणे सांगू शकत नाही. रोसेंदोला स्वतःलाही सगळ्याच दिवशी स्वतःचं पटतं असं नाही.

पुढच्या वर्षीही तळं ऑगस्टमध्ये आटलं, त्याच्या पुढच्या वर्षीही. तोवर तेरा बोअर बुजले होते. लोक त्याला विचारत, “काय पाणाड्या, आला का समुद्र तळ्यात?” तो म्हणायचा, “वाट बघतोय.” एक मात्र झालं. आरासेलीची अर्धी बाग तोट्यात गेली नाही. तिनं झाडं कमी ठेवली, पाणी मोजून दिलं, आणि द्राक्षाच्या वेली लागल्या. ती स्वतः बापाबरोबर दारोदार जाऊ लागली. बापापेक्षा तिची जीभ तिखट होती आणि तिच्या हातात टेप असायची. ती झाकण काढून टेप सोडायची आणि मालकाला म्हणायची, “वाच.” आधी सहा, आता वीस. आधी आठ, आता पंचवीस. आकडे वाचून काही जण तेव्हाच हो म्हणाले, काहींनी महिन्याभरानं निरोप पाठवला. दोन हजार पंचवीसच्या सुरुवातीपर्यंत एक्केचाळीसपैकी सव्वीस बंद झाले.

त्या मार्चमध्ये तीन आठवडे पाऊस कोसळला. दलदल भरली, ला गार्सा काठोकाठ भरलं, सेलेदोनियाच्या पायरीला पाणी लागलं. रोहित आले, पाणकोंबड्या आल्या. गुत्त्यात फेर्मिननं टेबल बडवून सांगितलं, “बघा! पाऊस नव्हता म्हणून आटलं होतं. उगाच त्या म्हाताऱ्यानं सव्वीस जणांचं नुकसान केलं.” रोसेंदोनं वाद घातला नाही. पावसानं भरलेलं तळं काही सिद्ध करत नाही. खरी परीक्षा ऑगस्टची, हे त्याला ठाऊक होतं.

ऑगस्ट आला. रोज थोडं थोडं पाणी मागे सरकत गेलं. महिन्याच्या शेवटी मधोमध एका फुटबॉलच्या मैदानाएवढं पाणी उरलं, घोट्याएवढं, कुठे पोटरीएवढं. पण उरलं. त्यात पाणकोंबडीची अकरा पिल्लं फिरत होती, सेलेदोनियानं मोजली. हे पाऊस चांगला झाला म्हणून, की सव्वीस बोअर बंद झाले म्हणून? मोजमाप घ्यायला आलेल्या शास्त्रज्ञ बाईनं प्रामाणिकपणे सांगितलं, की दोन्ही मिळून असावं, पण एका वर्षात काही म्हणता येत नाही. वाम मासे तर आलेच नाहीत. ते समुद्रातून येतात, मधल्या वाटा तुटल्यात, त्यांना किती वर्षं लागतील कोण जाणे.

त्याच शरद ऋतूत सेलेदोनिया घरातल्या घरात पडली, कंबर दुखावली. डॉक्टर म्हणाले, एकटं राहू नका. आरासेलीनं तिला गावात आणायचा हट्ट धरला. म्हातारी म्हणाली, “मला न्यायचं तर शवपेटीतून न्या.” शेवटी रोसेंदोच आपलं अंथरूण घेऊन तिच्याकडे राहायला गेला. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, गावातल्या घरात त्याचं तरी काय होतं? आता दोघं त्या दोन खोल्यांत असतात आणि रेडिओवरून भांडतात. तिला बातम्या हव्या असतात, त्याला फुटबॉल. सकाळी तो तिच्यासाठी पावाला ऑलिव्हचं तेल आणि लसूण चोळतो. ती म्हणते, लसूण जास्त झाला. तो म्हणतो, मग उद्यापासून तूच चोळ.

पंधरा बोअर अजून चालू आहेत. सगळ्यात खोल आणि सगळ्यात जवळचा फेर्मिनचा. या हिवाळ्यात त्याची मोटर वाळू ओढू लागली. फेर्मिननं तीन वर्षांत पहिल्यांदा रोसेंदोला स्वतःहून फोन केला. रोसेंदो गेला, बोअर बघितला, ऐकला.

“खाली पाणी आहे,” त्यानं सांगितलं. “एकशे तीसवर मिळेल.”

“मग मार.”

“मी नाही मारणार.”

“मग दुसऱ्याकडून मारून घेतो.”

“घे. पण जागा मी दाखवणार नाही. काठीही आणली नाही बघ मी.”

फेर्मिन चिडला, पण त्यानं दुसऱ्याला बोलावलं नाही. अजून तरी नाही. बिघडलेल्या मोटरवर कसंबसं निभावतोय आणि दोन पट्टे यंदा मोकळेच सोडलेत. रोसेंदो दर गुरुवारी त्याच्याकडे जातो. पहिल्या खेपेला दोघं अंगणात उभ्यानंच बोलले. तिसऱ्या खेपेला फेर्मिननं खुर्ची दिली. आता कॉफीही मिळते. रोसेंदो कॉफी संपवतो आणि विचारतो, “मग? बुजवायचा?” फेर्मिन म्हणतो, “नाही.” मग दोघं सैन्यातल्या दिवसांबद्दल बोलतात, कोण कोण गेलं, कोण उरलं. गेल्या गुरुवारी फेर्मिनच्या बायकोनं कॉफीबरोबर डुकराची तांबडी चरबी लावलेला टोस्टही आणून ठेवला. उत्तर मात्र अजून “नाही” हेच आहे.